समुद्राकडे तोंड केलेल्या दोन खुर्च्या

मुलांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल लागल्या लागल्या धाकटीने विचारलं, "आजी, व्हाय आर यू इन आजोबाज सीट?" गाडी शारजात, रोल्ला बाजाराच्या पार्किंगमध्ये उभी होती. मी स्टिअरिंगमागे होते आणि तुमचे आजोबा शेजारच्या सीटवर, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. मी "नंतर सांगते" म्हटलं आणि तुमच्या बाबाने लगेच विषय बदलला. तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून हे लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला माहीत आहे. अडेल तिथे बाबाला विचारा.

तुम्ही गेल्या उन्हाळ्यात पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर त्या घरासारख्या गाडीतून फिरलात, तिथून हे सुरू झालं. तुम्ही पाठवलेले फोटो आजोबांनी पन्नास वेळा तरी पाहिले असतील. पिवळे कडे, खाली निळं पाणी, आणि गाडीच्या दारात पाय सोडून टोस्ट खाणारे तुम्ही दोघं. एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "आपल्यालाही किनारा आहे की. चाळीस वर्षं या देशात राहिलो आणि पलीकडचा समुद्र किती वेळा पाहिला? दोनदा. तोही पाहुण्यांना दाखवायला, घड्याळ बघत." मी म्हटलं, आता गुडघे दुखतात. ते म्हणाले, "गुडघे घरीही दुखतात."

घाईचं कारण वेगळं होतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आजोबांना काचबिंदू आहे. दोन्ही तळहात डोळ्यांच्या बाजूंना घोड्याच्या झापडांसारखे धरून बघा, म्हणजे कळेल. समोरचं लख्ख दिसतं, वाचताही येतं, पण कडेचं हळूहळू मिटत जातं. औषधाने ते थांबवता येतं, गेलेलं परत येत नाही. जानेवारीतल्या एका सोमवारी अबुधाबीच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. कडेचं किती उरलं आहे ते मोजायचं आणि मग गाडी चालवायची की नाही ते ठरणार होतं.

गाडी म्हणजे आजोबांसाठी काय, हे तुम्हाला सांगायला हवं. इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्य काढलं, पण लोक त्यांना ओळखतात ते गाडीमुळे. कोणाला विमानतळावर घ्यायला जायचंय, कोणाच्या बायकोला कळा सुरू झाल्यात, कोणाच्या मुलाची परीक्षा आहे आणि टॅक्सी मिळत नाही, अशा वेळी फोन आमच्याकडे येई आणि हे चपला शोधायच्या आधी किल्ली शोधत. तुमच्या बाबाला हॉस्पिटलातून घरी आणताना त्यांनी ताशी तीसच्या वर काटा जाऊ दिला नव्हता आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. असा माणूस सोमवारची वाट बघत होता आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हता.

मीही बोलत नव्हते. गेलं वर्षभर मी शेजारी बसून एक काम गुपचूप करत होते. चौक आला की म्हणायचं, "डावीकडून पांढरी गाडी येतेय हो, किती जोरात चालवतात बघा." लेन बदलताना म्हणायचं, "अगबाई, ही बस किती चिकटून चाललीय." ऐकणाऱ्याला वाटावं की म्हातारीला बडबडायची सवय आहे. आजोबा "हं" म्हणायचे आणि ब्रेकवर पाय ठेवायचे. मी त्यांचा डावा डोळा झाले आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांना कळलंय, हे मलाही कळलं होतं. बोलण्याची वेळ मात्र आम्ही येऊ दिली नाही.

तुमच्यासारखीच घरासारखी गाडी आम्हाला दिली वर्कशॉपच्या मल्याळी फोरमनने. जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन त्याने आत पलंग, शेगडी, बेसिन आणि पंखा बसवला आहे. शनिवारी सकाळी तो आम्हाला अर्धा तास शिकवत होता. "टीचर, ये नल धीरे से. टीचर, ये स्विच मत छूना." मी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून त्याच्यासाठी मी कायमची टीचर. आजोबांनी विचारलं, "और ये लाल बटन?" तो म्हणाला, "वो मुझे भी नहीं मालूम, सर. इसलिए मत दबाना." मग पुढच्या बंपरवर हात फिरवून, जणू लेकीला सासरी पाठवतोय अशा आवाजात म्हणाला, "यल्ला, चलो. संभाल के."

मी यादी केली होतीच. एकवीस गोष्टी. आजोबांनी ती मोठ्याने वाचली. तिखटमिठाच्या पुऱ्या, दडप्या पोह्यांचं सामान, डोळ्यांचे थेंब, दोन घडीच्या खुर्च्या, असं करत ते शेवटच्या ओळीवर आले. "लायसन्स, माझं. तुझं कशाला?"

"यादीत असतं नेहमी."

हे खरं होतं. मी शारजाची ड्रायव्हिंग टेस्ट सातव्या खेपेला पास झाले होते. तुमचा बाबा तेव्हा शाळेत होता आणि प्रत्येक वेळी विचारायचा, "आई, फेल अगेन?" पास झाल्यावर तीन महिने चालवली. मग एकदा रोल्लात गाडी मागे घेताना दुकानासमोर रचलेल्या प्लास्टिकच्या बादल्यांची उतरंड पाडली. कोणाला काही झालं नाही. दुकानदार हसत हसत बादल्या गोळा करत होता. आजोबा म्हणाले, "राहू दे, मी आहे ना." त्यानंतर मी स्टिअरिंगमागे बसले नाही. कोणी मनाई केली नव्हती. पण लायसन्सची मुदत मी कधी चुकू दिली नाही. दर वेळी वेळेत डोळे तपासून, नवा फोटो देऊन ते नवं केलं आणि प्लास्टिकच्या कव्हरात घालून पर्समध्ये ठेवलं. अठरा वर्षं.

शहर मागे पडलं, वाळू लाल झाली आणि मग डोंगर आले. मी वर्गात या डोंगरांबद्दल कितीदा बोलले असेन. कोणे एके काळी हा खडक समुद्राचा तळ होता आणि वर ढकलला गेला, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. फळ्यावर ते एका ओळीत मावतं. त्या खडकांच्या मधून जाताना मी गप्प झाले. एक झुडूप नाही की गवताची काडी नाही. तपकिरी, जांभळे, शेवाळी रंगाचे सुळके एकामागे एक, आणि त्यांच्या अंगावर वळ्या, जशी कोणी ओली चादर पिळून तशीच सुकत टाकावी. समुद्राच्या तळातून आपण जातोय आणि आपल्या डोक्यावर पाणी नाही, आकाश आहे, असा विचार आला आणि अंगावर काटा आला. आजोबा म्हणाले, "आज भूगोलाचा तास नाही वाटतं?" मी म्हटलं, "आज मी विद्यार्थिनी."

बोगदा संपला, उतार लागला, आणि दोन डोंगरांच्या खाचेत समुद्र दिसला. शारजाचा आपला समुद्र उथळ आणि फिकट हिरवा आहे. हा गडद निळा होता, खोल, आणि त्याच्यावर ठिकठिकाणी मोठी जहाजं नांगर टाकून उभी होती. कलबा गावापासून आम्ही किनाऱ्याने उत्तरेला निघालो. उजवीकडे पाणी, डावीकडे डोंगर. आजोबांनी खिडकी उघडली आणि शीळ घालायला लागले. त्यांची शीळ मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

खोर फक्कन शहर ओलांडल्यावर ते घडलं. मी समुद्र बघत होते. एवढीच माझी चूक. वर्षभरात पहिल्यांदा मी रस्त्यावरची नजर काढली होती. डाव्या उतारावरून एक बोकड रस्त्यावर आला, त्याच्यामागे तीन शेळ्या. माझी मान वळली तेव्हा तो जवळजवळ बंपरसमोर होता. "अहो!" एवढंच मी ओरडले. ब्रेक लागला, मागे शेगडीवरचं पातेलं खाली आदळलं, एकवीस गोष्टींतल्या बऱ्याचशा जमिनीवर आल्या. बोकडाने आमच्याकडे बघितलं, दाढी हलवली आणि सावकाश पलीकडे गेला. शेळ्याही गेल्या.

आजोबांनी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवर होते. मी मागे जाऊन पुऱ्या गोळा केल्या. परत येऊन बसले तेव्हा ते म्हणाले, "निघूया?" मी म्हटलं, "निघूया." शीळ पुन्हा वाजली नाही.

तीनच्या सुमाराला आम्ही मुक्कामाच्या किनाऱ्यावर पोचलो. आणखी दोन-तीन गाड्या लांब लांब उभ्या होत्या. मी सामान लावलं, पोहे दडपले, चहा केला. सूर्यास्ताची वेळ मी फोनवर आधीच बघून वहीत लिहिली होती. म्हणून पाचला मी दोन खुर्च्या वाळूत मांडल्या, समुद्राकडे तोंड करून, मध्ये थर्मास. आम्ही बसलो. जहाजांच्या रांगेच्या मागे, क्षितिजावर नजर लावून.

आता हसू नका. मी आणि आजोबा दोघंही रत्नागिरीजवळच्या किनारी गावांतले. जन्मल्यापासून सूर्य समुद्रात बुडताना पाहिला. मग इथे आलो. शारजाचाही समुद्र पश्चिमेला. पुन्हा चाळीस वर्षं सूर्य पाण्यातच बुडाला. समुद्र म्हणजे पश्चिम, संध्याकाळ म्हणजे समुद्राकडे बघायचं, हे हाडांत मुरलेलं. आमच्या दोघांच्या सावल्या आमच्या पुढे, पाण्याच्या दिशेला लांबलचक पसरल्या होत्या आणि वीस वर्षं मुलांना दिशा शिकवलेली ही बाई त्या सावल्यांकडे बघत चहा पीत होती.

एक म्हातारे अरब गृहस्थ किनाऱ्याने चालत आले. पांढरा झगा, हातात काठी, पायात काही नाही. आमच्याजवळ थांबले. आमच्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, परत आमच्याकडे बघितलं.

"सदीक, दोस्त, क्या देखता?"

"सनसेट," आजोबा म्हणाले.

त्या गृहस्थांनी काठी उचलून आमच्या पाठीमागे, डोंगरांकडे रोखली. "शम्स उधर, हबीबी."

आम्ही वळलो. सूर्य डोंगराच्या कड्याला टेकला होता.

आजोबा आधी हसले. मग मी. मग ते गृहस्थ, आणि ते असे हसले की त्यांना काठीवर रेलावं लागलं. "तुम लोग बंबई से?"

"रत्नागिरी," मी म्हटलं. "उधर सूरज समुंदर में जाता है."

"और ये टीचर है," आजोबा म्हणाले, "जॉग्रफी."

"माशाल्ला!" असं म्हणून ते पुन्हा हसत सुटले. खिशातून त्यांनी खजुराचं पुडकं काढलं आणि आमच्या हातावर चार-चार ठेवले. मग समोरच्या क्षितिजाकडे बोट करून म्हणाले, "सुबह देखो. शम्स समुंदर से आएगा. हिंद से आएगा, तुम्हारे घर से." आणि गेले.

मी खुर्च्या फिरवायला उठले तर आजोबा म्हणाले, "नको, थांब. बघ."

डोंगराची सावली किनाऱ्यावर उतरत होती. ती आमच्यावरून गेली तेव्हा अंगाला गारवा कळला. मग ती ओल्या वाळूवर गेली आणि पाण्यात शिरली. आम्ही सावलीत होतो, पण समुद्र अजून उन्हात होता. एकेक लाट मालवत ती सावली आत आत जात राहिली. लांबची जहाजं सोन्यासारखी पेटलेली होती. सावली पहिल्या जहाजाला लागली, ते विझलं. मग दुसरं. मग त्याच्यामागचं. एवढा मोठा डोंगर समुद्रावरून चालत चाललाय, पाण्याचा आवाजही न करता, असं ते दृश्य होतं. सूर्यास्त मी हजारो पाहिले. सूर्यास्ताकडे पाठ केली की समोर काय होतं, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. शेवटचं जहाज विझेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.

मग आजोबा म्हणाले, "बोकड मला दिसलाच नाही गं."

"माझं लक्ष नव्हतं."

"तुझं लक्ष असायला नको. गाडी मी चालवत होतो."

एक खजूर मी त्यांच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सोमवारी डॉक्टर काय सांगतील ते मला माहीत आहे. पण त्यांनी काढून घेतल्यावर सोडायची, हे मला नकोय." एवढं बोलून ते पातेलं विसळायला गेले. मी विचारलं नाही. त्यांना काय हवंय ते त्यांचं त्यांनाच ठरवू द्यायला हवं, एवढं चाळीस वर्षांत शिकले आहे.

पहाटे त्यांनीच मला उठवलं. खुर्च्या तिथेच होत्या, दवाने ओल्या, समुद्राकडे तोंड करून. आदल्या संध्याकाळी चुकीच्या मांडलेल्या खुर्च्या आता बरोबर होत्या. मी शाल पांघरून बसले. आधी पाणी राखाडी होतं, मग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं झालं. जानेवारीत सूर्य पूर्वेपासून दक्षिणेकडे सरकून उगवतो. मी मनात नकाशा मांडला आणि बोटाने रेघ ओढली, तर ती जवळजवळ रत्नागिरीवर गेली. आमच्या गावात तो तासाभरापूर्वीच उगवला होता. कोणाच्या तरी अंगणात तांदूळ वाळत घातले असतील, त्यांच्यावर पडून मग तो इकडे निघाला होता.

पाण्याच्या रेषेवर लाल ठिपका आला. तो फुगला, चपटा झाला, आणि पाणी त्याला सोडेना असं क्षणभर वाटलं. मग तो सुटला. मी समुद्रातून सूर्य वर येताना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं होतं की तो सूर्यास्तच असेल, उलटा चालवलेला. तसं नव्हतं. बुडणाऱ्या सूर्याला आपण निरोप देतो. हा सरळ आपल्याकडे येत होता, पाण्यावर रस्ता आखत, आणि तो रस्ता बरोबर आमच्या पायांशी संपत होता. मी हात जोडले. माझी आजी जोडायची तसे. ते मी ठरवून केलं नाही.

"दिसलं?" मी हळूच विचारलं.

"सगळं दिसलं. समोर होतं ना." मग म्हणाले, "कडेला काय आहे ते सांग."

मी सांगत गेले. डावीकडे एक मासेमारीची होडी आहे, दोघं उभे आहेत, एक जाळं ओढतोय. उजवीकडे काळे खडक, त्यांच्यावर पक्षी बसलेत, सगळे आपल्यासारखेच तिकडे तोंड करून. डोंगर मागे गुलाबी झालेत. वर्षभर मी हेच काम बडबडीच्या आड लपून करत होते. त्या सकाळी ते उघडपणे केलं, त्यांनी मागितलं म्हणून. आजोबा मान न वळवता ऐकत होते.

चहा संपल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि थर्मासच्या झाकणाशेजारी, माझ्या बाजूला ठेवली.

"यादीतली शेवटची वस्तू काढ," ते म्हणाले.

"एवढी मोठी गाडी? अहो, मी बादल्या पाडल्या होत्या."

"इथे बादल्या नाहीत. बोकड आहे, तो बाजूला होतो."

"आणि मला नाही जमलं तर?"

"मी आहे ना," ते म्हणाले. मग स्वतःशीच हसले आणि उजवीकडचं, म्हणजे इथे चालकाच्या शेजारचं, दार उघडून बसले. पट्टा लावला. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी माझी पर्स मांडीवर घेतली.

सीट पुढे सरकवायला मला पाच मिनिटं लागली. आरसे लावले. पुन्हा लावले. लाल बटणाला हात लागू दिला नाही. गाडी दोनदा बंद पडल्यासारखी झाली आणि तिसऱ्यांदा हलली. वाळूच्या वाटेवरून डांबरी रस्त्यावर चढलो तेव्हा माझ्या पाठीला घाम फुटला होता, जानेवारीत. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. आजोबा खिडकीतून म्हणाले, "जा बाबा, जा," आणि ट्रक गेला.

परत जाताना आम्ही खोर फक्कनहून सरळ शारजाला येणारा बोगद्यांचा रस्ता घेतला. पहिल्या बोगद्याचं तोंड दिसलं तेव्हा मी श्वास धरला. डोंगराच्या पोटात दिव्यांची रांग पळत होती. आदल्या संध्याकाळी ज्याची सावली आमच्या अंगावरून समुद्रात गेली त्याच डोंगराच्या आतून मी, चाळीसच्या वेगाने, एक घर चालवत नेत होते. मला रडू येईल असं वाटलं, पण दोन्ही हात कामात होते.

"हळू," आजोबा म्हणाले.

"चाळीसवर आहे."

"तरी हळू."

"तुम्ही समोर बघा. कडेचं माझ्याकडे."

"हं," ते म्हणाले. बोगदा संपला आणि उजेड आला. थोड्या वेळाने शेजारून शीळ ऐकू आली, हळू, अर्धवट, मध्ये थांबून पुन्हा सुरू झालेली.

वर्कशॉपच्या दारात फोरमन उभा होता. त्याने मला स्टिअरिंगमागे पाहिलं आणि आधी बंपर तपासला. मग आजोबांकडे बघितलं. आजोबा पर्स माझ्या हातात देत म्हणाले, "आज से ये चलाएगी. मैं खलास." त्यांचा आवाज साधा होता. फोरमनने मान हलवली. सोमवारी अबुधाबीला मी गाडी नेली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आजोबांनी शांतपणे ऐकलं, कारण त्यांच्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून, धाकटे, मी आजोबांच्या सीटवर बसले होते. ती सीट मी घेतलेली नाही. मला ती एका किनाऱ्यावर, थर्मासच्या झाकणाशेजारी मिळाली. तुम्ही याल तेव्हा विमानतळावर मीच घ्यायला येईन. हळू चालवते, तेव्हा भूक लागली तर विमानातच खाऊन घ्या.

तुमची आजी